चाकं बांधलेलं कार्ड

लातूरजवळच्या मुरुडहून आलेल्या त्या बापानं आधी पोराला मारलं, मग मशीनला. पोराला मारताना त्याचा हात अडखळला. मशीनला मारताना अडखळला नाही.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत ते गेमिंगचं दुकान आहे. पोरं क्लास बुडवून तिथं बसतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, गावाकडच्या आईबापांना तेवढं उशिरा कळतं. ह्या बापाला कळलं आणि तो एसटीतून उतरून सरळ तिथंच आला. मानगुटीला धरून पोराला खुर्चीतून उपसलं आणि तोंडात ठेवून दिली. पोराचं नाक फुटलं. कीबोर्डावर रक्त सांडलेलं दिसलं तसा बाप एकदम थांबला, इकडंतिकडं बघितलं, आणि भिंतीकडचं लोखंडी स्टूल उचललं. मग मॉनिटर, कॅबिनेट, समोर येईल त्यावर घालत सुटला. "ह्येनंच खाल्लं माझं पोरगं," एवढंच म्हणत होता. मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाली, कोपऱ्यात एका मशीनचा पंखा बदलत होते. काचा उडायला लागल्यावर टेबलाखाली गेले आणि तिथून बघत राहिले. फुटक्या नाकाचं पोरगं बापाच्या कमरेला मिठी मारून ओरडत होतं, "मला मारा ओ पप्पा, मशीनला नका मारू!"

दुकानाचा मालक निलंग्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, वयानं माझ्याहून मोठा. मी त्याला दादा म्हणते. गल्ल्याखाली तो क्रिकेटचा एक स्टंप ठेवतो आणि तो शोभेला नसतो. त्या दिवशी मात्र त्यानं स्टंपला हात लावला नाही. बाप पोराला फरपटत घेऊन गेला, तेव्हा मी विचारलं, असं कसं सोडलं?

"बाप हाय ओ ताई त्यो. बापाला कसं हाणू?"

मग काचांवरून चपला करकर वाजवत त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आता समदं नवं घ्यावं लागतंय. कार्ड कुठलं घालू, सांगा."

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेममध्ये जे जे दिसतं ते पडद्यावर काढायचं काम त्याचं. बाकी मशीन कितीही भारी असू द्या, कार्ड मरतुकडं असेल तर गेम रांगतो. ह्या बाजारात वर्षानुवर्षं दोनच कंपन्यांचं राज्य. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीचं कार्ड कुठल्याही गेमला जुंपा, ओढतंच. पण तिला तिचा माज आहे, आणि मेमरी ती चिमटीनं वाढते. धाकटी त्याच किमतीत ताकद जास्त देते, पण मी हाताळलेली तिची कार्डं तापायची, आणि लातूरच्या उन्हाळ्यात तापणारं काही घरात नको वाटतं. आता तिसरी उतरली होती. कार्डाच्या धंद्यात अगदी नवी. किंमत तीच, मेमरी भरपूर, आणि आजच्या जड गेमला दणकट.

मी ते कार्ड माझ्या दुकानात आणून त्याचे हाल केले होते. एप्रिलच्या दुपारी खोलीतला पंखा बंद करून त्याच्यावर जडात जड गेम लावायचा आणि ते किती मार खातं ते बघत बसायचं. तापलं, किंचाळलं, पडलं नाही. म्हणून मी दादाला म्हणाले, "नवं घाला. माझा शब्द."

शब्द दिला आणि माझं दुकान पणाला लागलं. कसं ते सांगते.

आमचं गाव हदगावच्या पलीकडं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, नांदेडात बीएस्सी कॉम्प्युटर केलं, आणि हे मी कुठंही न लाजता सांगते. आईनं मला शिकवलं ते मायेनं समजावून वगैरे नाही, कापसाच्या पऱ्हाटीच्या काटकीनं. अभ्यासाला बसले नाही की पोटऱ्यांवर वळ. डिग्री मिळाल्यावर नांदेडातच एका दुकानात कॉम्प्युटर जोडायच्या कामाला लागले. तिथला मालक हातानं बोलणारा होता. स्क्रू कमी पडला, की डोक्यात टपली. पीन वाकली, की हातावर स्क्रूड्रायव्हरची मूठ. एकदा त्यानं अख्खा हीटसिंक, चिप गार ठेवणारा धातूचा ठोकळा, फेकून मारला. माझ्या डाव्या भुवईवर जी फट आहे ती त्याची. वर म्हणाला, "डिग्री हाय म्हनून कुनी मारायचं न्हाई असं थोडंच हाय?" मी त्याच दिवशी निघाले. नांदेडात परत त्याच्या समोरून जायला नको म्हणून लातूरला आले आणि एक गाळा घेतला.

पण लातुरात मला कोण ओळखतं? बाईमाणूस, परजिल्ह्यातली, मागं कुणी नाही. लोक प्रिंटरची शाई भरायला यायचे, पेनड्राईव्ह घ्यायला यायचे, अख्खं मशीन जोडायला मोठ्या दुकानात जायचे. गाळामालक गाळा परत मागत होता. दादाचं हे काम मिळालं तर मी राहणार होते. नाही मिळालं तर नांदेड, आणि नांदेडात ह्या कामाला मला दारात उभं करणारं दुकान एकच होतं. मी आरशात भुवई बघायचे आणि ठरवायचे, तिकडं जायचं नाही.

मोठं दुकान म्हणजे शेठचं. त्यांच्या आजोबानं रेडिओ विकले, बापानं टीव्ही, आणि हे कॉम्प्युटर विकतात. दादानं त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी थोरलीचं कार्ड सुचवलं, आणि माझं नाव निघाल्यावर हसले म्हणे. दोघांचं ऐकून ऐकून दादा वैतागला.

"बोलून काय होतंय? दोन्ही जुंपून बघू. जे ओढंल ते आपलं."

रविवारी दुपारी दुकान भरलं होतं. क्लासला सुट्टी, त्यामुळं पोरं खुर्च्यांवर उभी. शेठ दोन मशीन घेऊन आले, त्यांचा एक माणूस सोबत. "दोन्ही मशीन जुळ्या बहिणी," शेठ म्हणाले. "मॅडम, तुमचं कार्ड तुम्ही बसवा." ते मला मॅडम म्हणायचे ते अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी. मी कार्ड बसवलं. मशीनची मुळातली सेटिंगं जिथं असतात त्याला बायोस म्हणतात; बसवताना त्यांच्या माणसाला विचारलं, बायोसमधलं मेमरीचं सेटिंग चालू आहे ना? तो म्हणाला, "हाव ताई, दोन्हीकडं."

दोन्ही पडद्यांवर एकच नवा गेम लावला. कोपऱ्यात आकडा दिसतो, एका सेकंदात किती चित्रं निघतात त्याचा. पोरांना तो आकडा परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त कळतो. गेममध्ये जळतं शहर, वरून गोळ्या, माणसांच्या चिंध्या. थोरलीचं कार्ड त्यातून लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. माझं कार्ड पहिल्याच स्फोटाला अडकलं. पडदा गोठला, सुटला, परत गोठला. आकडा पडत गेला. पोरं बोंबलायला लागली.

"आरं, मेलं मेलं! पाणी पाजा त्याला!"

"ताईचं कार्ड पायी निघालंय!"

"हाणा अजून, हाणा!"

दादानं गेम अजून जड केला. माझ्या कार्डाचे पंखे किंचाळायला लागले आणि चित्र तुकड्यातुकड्यानं पुढं सरकायला लागलं. माझ्या दुकानात, बंद खोलीच्या उकाड्यात, ह्याच गेमनं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. इथं ते गुडघे टेकत होतं. आणि गुडघे हा शब्द डोक्यात आला तसा मला आमचा तांबडा बैल आठवला.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. हदगावच्या बैलबाजारात बैल पारखायची एक रीत होती. बैलाला गाडीला जुंपायचं, गाडीची चाकं दोरानं करकचून बांधायची, आणि वरून हाणायचं. चाकं फिरत नाहीत, गाडी जमिनीवरून घासत ओढावी लागते. जो बैल गुडघे टेकतो त्याचा भाव पडला. आम्ही तांबड्याला विकायला नेलं होतं. दलालानं त्याला आणि स्वतःच्या एका बैलाला शेजारीशेजारी दोन गाड्यांना जुंपलं. दलालाचा बैल गाडी घेऊन चालत गेला. तांबडा जागेवर थरथरत होता. आसूड बसत होता, पाठीवर रेघा उठत होत्या, वेसणीतून रक्त यायला लागलं, आणि तो गुडघ्यावर आला. वडील मान खाली घालून उभे. आई मात्र वाकली आणि तिनं दलालाच्या गाडीची चाकं बघितली. त्या गाडीच्या दोराला नुसती सुरगाठ होती, पहिल्या हिसक्याला सुटणारी. तिनं दलालाच्या हातातला आसूड ओढून घेतला आणि त्याच्या तोंडावर काढला. अख्ख्या बाजारात. वडील हात जोडत माफी मागत होते आणि आई दुसऱ्यांदा आसूड उचलत होती.

"थांबवा," मी म्हणाले. "मला बायोस बघायचंय."

"आता काय बघता मॅडम? दिसलं की समद्यांना," शेठ म्हणाले.

मी मशीन बंद करून परत चालू केली आणि बायोस उघडलं. ते सेटिंग बंद होतं. ते काय करतं ते इथं सोपं करून सांगते. मोंढ्यातल्या गोदामावर मालाचा ट्रक आला, गोदामाचं शटर पूर्ण उघडं असेल तर हमाल सरळ आत घुसतात. शटर बंद ठेवून एका खिडकीतून एकेक पोतं आत घालायला लावलं, तर पैलवान हमाल असला तरी रडेल. सेटिंग बंद म्हणजे खिडकी. जुन्या कंपन्यांची कार्डं खिडकीतून काम करत मोठी झाली, त्यांचं फार बिघडत नाही. नव्याचं सगळंच बिघडतं. मग मी शेजारच्या मशीनचं बायोस उघडलं. तिथं शटर सताड उघडं.

"दादा," मी म्हणाले, "माझ्या बैलाची चाकं बांधलीत. ह्यांच्या बैलाची मोकळी हायत."

दादा शेतकऱ्याचा मुलगा. त्याला आणखी एक शब्द सांगावा लागला नाही. त्याचं तोंड बदललं.

"शेठ, हे काय हो?"

"तसंच येतंय ते कंपनीतून," शेठ म्हणाले.

"मग तुमच्या मशीनला चालू कसं?"

शेठनी त्यांच्या माणसाकडं बघितलं, माणसानं जमिनीकडं. त्यानं मुद्दाम केलं की नुसतं एका मशीनला विसरला, हे मला आजही माहीत नाही आणि त्या वेळी विचारायला फुरसतही नव्हती. कारण मी सेटिंग चालू करायला हात पुढं केला आणि शेठनी माझं मनगट धरलं. जोरात. बांगडी पिचली आणि काच आत घुसली.

"माझी मशीन हाय ती. हात लावायचा न्हाई." आणि मग पोरांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सेटिंगनं काय हुतंय? पहिल्या पिढीचा माल हाय हा. पहिल्या पिढीचं काही खरं नसतंय. दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात, तवा कुठं लायकी येती."

हे म्हणताना ते कार्डाकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते, वरपासून खालपर्यंत. गावाकडची पोरं ती, त्यातल्या निम्म्यांच्या घरात कॉलेज बघितलेलं तेच पहिलं. त्यांना बरोबर कळलं, मलाही कळलं.

कार्ड बसवताना कॅबिनेटचा बाजूचा पत्रा मी काढून टेबलावर ठेवला होता. मोकळ्या हातानं तो उचलला आणि शेठच्या कानशिलात घातला.

पत्र्याचा आवाज मोठा येतो. लागतंही बरंच. कानाच्या पाळीवरून कडा गेली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ उतरला. मनगट सुटलं. त्यांचा माणूस माझ्या अंगावर आला, त्यानं माझे केस धरले, मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. खुर्च्या पडल्या. पोरं टेबलांवर चढून ओरडत होती, "मार, मार!" कुणाला मार ते त्यांनाही माहीत नसावं. कुणीतरी हेडफोन फिरवून मारला तो तिसऱ्यालाच लागला. तेवढ्यात दादानं गल्ल्याखालचा स्टंप काढला आणि टेबलावर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले.

"बसा! एकूनएक बसा! आता जो हलंल त्याचं डोस्कं फोडीन!"

सगळे बसले. शेठसुद्धा, कानाला रुमाल लावून. दादा हातातला अर्धा स्टंप माझ्याकडं रोखून म्हणाला, "ताई, ते सेटिंग चालू करा."

"माझी मशीन…" शेठ म्हणाले.

"शेठ, अजून अर्धा हाय माझ्या हातात."

माझ्या मनगटातून रक्त येत होतं. ते कीबोर्डावर पडू नये म्हणून ओढणीचं टोक गुंडाळलं आणि एका हातानं सेटिंग चालू केलं. गेम परत लावला. तेच जळतं शहर, त्याच गोळ्या. पहिला स्फोट झाला आणि माझं कार्ड त्यातून आरपार गेलं. थोरलीच्या खांद्याला खांदा. पुढं पुलाच्या लढाईत, जिथं मेमरी खाणारी दृश्यं आहेत, तिथं थोरलीला दम लागला आणि माझं पुढं गेलं. पोरांना ओरडायचं होतं, पण अर्ध्या स्टंपाकडं बघून नुसती खुर्च्यांवर उड्या मारत होती.

मी तिथंच थांबू शकले असते. दादा माझ्याकडं बघून मान हलवत होता, काम मिळालंच होतं. पण शब्द दिला होता तो दादाला, आणि मला त्याच्या दुकानात परत यायचं होतं मान वर करून.

"आता मागच्या रांगेतली पोरं खेळतात तो जुना गेम लावा," मी म्हणाले. "इथं मी मार खाणार."

"म्हंजे?"

"जुन्या गेमला हे कार्ड अडखळतं. कंपनी दर काही महिन्यांनी त्याची दुरुस्ती पाठवती, तेवढं सुधरतंय. पण आज अडखळतं, आणि कधी पूर्ण सुधरंल ते मी सांगू शकत न्हाई."

लावला. मार खाल्ला. सेटिंग चालू, चाकं मोकळी, तरी थोरलीचं कार्ड हसत पुढं गेलं आणि माझं ठेचकाळत मागं राहिलं. शेठनी रुमालाआडून "हं" केलं. मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "शेठ, ह्याला हरणं म्हणतात. मघाचं ते हरणं नव्हतं."

दादानं दोन्ही पडद्यांवरचे आकडे ताडून बघितले. मग अर्धा स्टंप गल्ल्यावर ठेवला.

"मागची रांग जुनं खेळती. तिथं थोरलीचं. शेठ, ती तुमची. पुढची रांग ताईची, नव्या कार्डाची. आणि बोर्ड, बायोस, काय असंल ते दोन्ही रांगांचं ताई बघणार. मला परत चाकं तपासत बसायचं न्हाई."

शेठ उठले, त्यांच्या माणसाला मशीन उचलायला सांगितलं आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "पोलिसात देईन."

"द्या की," दादा म्हणाला. "मनगटावरच्या बांगडीचंबी सांगा त्येंला."

ते गेले नाहीत पोलिसात. पुढची रांग मी आठवडाभरात जोडली. गाळामालकाला सांगितलं, मी कुठं जात नाही. मागच्या रांगेत शेठची कार्डं चालतात, मीच त्यांची धूळ काढते. चांगली कार्डं आहेत. थोरलीशी माझं भांडण नव्हतंच कधी.

त्या रविवारी दुकानातून बाहेर पडले ती सरळ दवाखान्यात गेले. कंपाउंडर चिमट्यानं मनगटातली काच काढत होता, तेव्हा दुसऱ्या हातानं आईला फोन लावला. तिला ग्राफिक्स कार्ड काय ते माहीत नाही. मी तिला सांगितलं की बैलाची पारख होती, समोरच्यानं चाकं बांधली होती, मी ओळखलं. काम मिळालं, पण निम्मंच. मी लातुरातच राहणार.

"नांदेडच्या त्या मेल्याकडं जायचं न्हाई मग?"

"न्हाई."

"आन् चाकं बांधली त्याचं काय केलंस?"

"मारलं. पत्र्यानं. कान फाटला त्याचा."

"कितींदा?"

"एकदाच."

मला वाटलं आता तिला काळजी लागेल, पोलीस, कज्जे, एकटी पोर परगावात.

"एकदाच?" आई म्हणाली. "शिकून हात हलका झाला गं माय तुझा."